धिंगरीवाले नाना आणि त्यांचं एक ‘बहुतेक’

‘ताजी धिंगरी मशरूम मिळेल. रक्तदाबाला उपयोग होत असावा. नक्की माहीत नाही.’

जळगावात मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा त्या घराच्या फाटकावर हा फळा टांगलेला होता. खडूने लिहिलेला, अक्षर शाळेतल्या सुविचारासारखं टपोरं. मी तिथेच थबकलो. माझा धंदा औषधं खपवण्याचा. एका कंपनीचा एमआर म्हणून जळगाव, एरंडोल, फैजपूर, धुळे असा बॅग घेऊन हिंडायचो. बॅगेत मुख्य माल बीपीच्या गोळ्यांचा. मालाची तारीफ करताना आमची जीभ कधी अडखळली नाही, आणि इथे एक माणूस स्वतःच्याच मालाखाली ‘नक्की माहीत नाही’ लिहून मोकळा झाला होता! हा एक तर वेडा असणार, नाहीतर फार पोचलेला, असं मला वाटलं. पुढे सहा वर्षं मी त्याच घरात राहिलो, पण त्यातलं नेमकं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

घरमालकांना सगळे नाना म्हणत. धुळ्याकडच्या एका कृषी महाविद्यालयात प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी केली, रिटायर झाले आणि जळगावात घर बांधलं. प्रयोगशाळा मात्र सुटली नाही. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी पोती टांगून अंधार केला होता. गव्हाचा भुसा भिजवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, त्यात मशरूमचं बी मिसळून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या आणि छताला दोरीने लोंबकळत ठेवायच्या. पिशव्यांना भोकं. दोन-तीन आठवड्यांनी त्या भोकांतून धिंगरीचे पांढरे-करडे पंखे बाहेर यायचे. खोलीत शिरताना नाना चप्पल काढत, हात साबणाने धूत आणि मला म्हणत, “एमार, तू बाहेरूनच बघ. तू दवाखान्यातून आलायस.”

उन्हाळ्यात जळगाव जिथे माणसांनाच उकडून काढतं, तिथे मशरूमचं काय! पण होळीपर्यंत नाना ओल्या पोत्यांवर पाणी मारत आणि खोलीत कूलर लावून ठेवत. घरात दुसरा कूलर नव्हता. अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, पदराने वारा घेत ओसरीवर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अहिराणीत सांगायच्या, “त्या कुत्रानी छत्रीले गार हवा, अन् माले घाम. बठ्ठं जळगाव येडं म्हनस यास्ले.” नाना आतून ओरडत, “बठ्ठ्या जळगावले विचारी ऊनी का तू?”

सगळ्यांना विचारून आल्याशिवाय ‘सगळे’ म्हणायचं नाही, ही नानांची खरी खोड. जे पाहिलं नाही, मोजलं नाही, ते बोलायचं नाही. किती वाजले विचारलं तर म्हणायचे, “घड्याळ साडेदहा म्हणतंय.” भाजीवाला म्हणाला, एकदम ताजी मेथी आहे, तर “तोडताना तू होतास का तिथे?” लोकांच्या बहुतेक प्रश्नांना त्यांचं उत्तर ‘माहीत नाही’ हेच असे. फार विचार करून, फारच खात्री वाटली, तर ‘कदाचित’. ‘कदाचित’ ही नानांची सर्वांत वरची पायरी. अक्कांच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन जळगावकर बोटं चाटायचे, नाना म्हणायचे, “चांगलं झालंय. कदाचित.” अक्कांना एवढंच पुरायचं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्याहून जास्त मागितलं नव्हतं.

एकदा शेजारच्या मुलाच्या चौकशीला मुलीकडचे आले. चहा झाला. मुलीचे वडील हळूच म्हणाले, “नाना, मुलगा निर्व्यसनी आहे ना?”

नाना म्हणाले, “मी काही चोवीस तास त्याच्याबरोबर नसतो. असेल कदाचित.”

पाहुणे सुपारीचं खांड तोंडात टाकायच्या आधीच उठले. लग्न मोडलं. शेजाऱ्यांनी वर्षभर नानांशी अबोला धरला. नानांना कळेचना, की आपण इतकी शिफारस करूनही हे लोक का रागावले!

माझा आणि धिंगरीचा संबंध आला तो माझ्या बीपीमुळे. चाळिशी ओलांडली आणि फैजपूरच्या एका डॉक्टरांनी गंमत म्हणून माझ्या दंडाला पट्टा बांधला. मग त्यांची गंमत गेली. मला गोळी सुरू झाली. कुठली? मीच विकायचो तीच. आता यात लाजण्यासारखं काय होतं? पण मी लाजलो. दिवसभर पंधरा-वीस डॉक्टरांपुढे उभं राहून “सर, पेशंट गोळी मध्येच सोडतात, हाच खरा प्रॉब्लेम आहे” असं छाती पुढे काढून सांगणारा मी, महिन्याभरात ती गोळी मध्येच सोडायची कारणं शोधू लागलो. बायको धुळ्याच्या शाळेत शिक्षिका. मी शनिवारी एसटीने जाऊन सोमवारी परत. तिला पत्ताच नव्हता, कारण मी सांगितलंच नव्हतं. गोळी घेतली की आपण म्हातारे झालो असं मला वाटायचं. अक्कल मात्र माझी वयात आलीच नव्हती.

नानांना मात्र मी बोलून गेलो. झालं! त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी मला गच्चीवर नेलं, कुंड्यांना पाणी देण्याची ठिबकची काळी नळी उचलली आणि दोन बोटांनी दाबली. “नळी आवळली की काय होतं? दाब वाढतो. तुझ्या रक्तवाहिन्यांचं तेच. शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, त्याच्यामुळे त्या आवळल्या जातात. तुझी गोळी त्या विकराला अडवते. आता ऐक. धिंगरीत प्रथिनांचे काही बारीक तुकडे सापडतात, ते काचेच्या नळीत त्याच विकराला थोडं अडवतात, असं वाचनात आहे. शिवाय पोटॅशियम. शिवाय मीठ जवळजवळ नाहीच.”

मी म्हटलं, “म्हणजे बीपी उतरतं!”

“काचेच्या नळीत, म्हटलं मी. तू काचेची नळी आहेस का? माणसात किती, कसं, कोणाला, माहीत नाही. मदत होत असेल. कदाचित.” मग बोट उगारून म्हणाले, “गोळी रोज घ्यायची. भाजी गोळीच्या वर, गोळीच्या जागी नाही. आणि खोटं बोलायचं नाही. तरच तुझ्या नोंदी ठेवतो.”

मी शपथ घेतली. एमआरच्या शपथेला काय किंमत असते, हे नानांना कोणी सांगायला हवं होतं.

नानांची एक लांबट वही होती. त्यात पानागणिक माणसं. एक पान अक्कांचं. अक्कांना बीपी जुनं होतं, आणि नानांचा हा सगळा खटाटोप मुळात त्यांच्यासाठीच होता, हे मला फार उशिरा कळलं. पण अक्का धिंगरीला शिवायच्या नाहीत. “हाई कुत्रानी छत्री मना चुल्हावर नको,” एवढं बोलून त्या आपली पांढरी गोळी घ्यायच्या. म्हणून नाना स्वतः गॅसची जुनी शेगडी मांडून माझ्यासाठी भाजी करायचे. कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि चिमटीएवढं मीठ. रोज संध्याकाळी वाटी माझ्या खोलीत यायची. अळणी, पण वाईट नव्हती. कदाचित.

दर गुरुवारी संध्याकाळी ते पाऱ्याचं जुनं यंत्र घेऊन बसायचे. पाच मिनिटं मला बोलू द्यायचे नाहीत. आणि मी काय केलं? दर आठवड्याला शुक्रवार ते बुधवार गोळीला हात लावला नाही, आणि गुरुवारी सकाळी एक घेतली. शिवाय गुरुवारी दुपारी तासभर आडवा पडलो, चहा वगळला. परीक्षेच्या आदल्या दिवशीच अभ्यास करायची माझी सवय शाळेपासूनची. पारा खाली दिसायचा. नाना विचारायचे, “गोळी रोज चालू आहे?” मी म्हणायचो, “हो नाना, न चुकता.” ते लिहायचे.

मी हे का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नानांना खूश करावं असं वाटायचं, हे खरं. गोळी सोडायची होती आणि भार भाजीवर टाकायचा होता, हे त्याहून खरं. मशरूम खातोय ना, मग झालं! उकळत्या तेलातल्या शेवभाजीचा रस्सा वरपतानाही मी मनात म्हणायचो, संध्याकाळी धिंगरी आहेच.

हिवाळा सरला. फाल्गुनात अक्कांनी बिबडे घालायला काढले. ज्वारी भिजवून, वाळवून, दळून तिचा घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या कापडावर हाताने पातळ पसरून उन्हात वाळवायचा, की झाले बिबडे. खान्देशातल्या गच्च्या त्या दिवसांत बिबड्यांनी भरून जातात. नानांकडे न खपलेली धिंगरी वाळवून तिची पावडर करून ठेवलेली होती. त्यांनी अक्कांना विनवलं, “निदान घाट्यात थोडी घाल. मीठ घालू नको.”

अक्का पावडर घालायला तयार झाल्या, कारण पावडरीला छत्रीचा आकार नव्हता. पण बिनमिठाचे बिबडे? त्यांनी मला बोलावून एक ओला तुकडा चाखायला दिला. मी म्हणालो, “अक्का, हे कागद खाल्ल्यासारखं लागतंय. मीठ घाला. नानांचे चार वेगळे करा.” झालं. नानांसाठी एका कोपऱ्यात अळणी बिबडे, बाकी सगळी गच्ची मीठ, तिखट, लसूण, तीळ घालून खमंग. आणि त्यातही धिंगरीची पावडर! म्हणजे औषधच की. मी जेवताना चार-चार भाजून खाऊ लागलो. बीपी कमी करायला खारट पापड खाणारा माणूस जळगावात दुसरा सापडला नसता. एक सापडला. अक्का.

आणि मग तो गुरुवार. नानांनी यंत्र गुंडाळलं, वहीची मागची पानं चाळली आणि स्वतःशीच म्हणाले, “गोळी तीच, भाजी नवी, आकडा खाली. चार महिने. उपयोग होतोय. बहुतेक.”

अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “बहुतेक म्हने!” असं पुटपुटल्या. ज्या माणसाने लग्नात हार घालतानाही ‘कदाचित’च म्हटलं असेल, त्या माणसाच्या तोंडून ‘बहुतेक’! नाना स्वतःच शब्दाला दचकल्यासारखे उठून गेले. मी मात्र खुशीत होतो. मला वाटलं, आपण म्हाताऱ्याला आनंद दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो, तर अक्का जवळ आल्या. “भाऊ, तू गोळ्यास्नाच माणूस शे. मी गोळी सोडी दिधी तं चाली का? बिबडा तं मी रोज खास.”

त्या क्षणी मला खरं बोलायची संधी होती. माझी एसटी निघायची वेळ झाली होती. मी म्हणालो, “एखादी राहिली तर काही होत नाही हो अक्का. मी तरी कुठे रोज घेतो?”

असं म्हणून मी निघून गेलो. हे वाक्य मी बोललो, मीच, दुसऱ्या कोणी नाही.

पुढच्या मंगळवारी एरंडोलला होतो. दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसलो होतो. ऊन असं, की बाहेरच्या दुचाकीच्या सीटवर हात ठेववत नव्हता. सकाळपासून डोकं ठणकत होतं. मांडीवर आमच्या गोळीचं रंगीत माहितीपत्रक उघडून मी भाषण घोकत होतो. तेवढ्यात त्या पत्रकावरच्या हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्यावर लाल थेंब पडला. मग दुसरा. माझ्या नाकातून रक्त येत होतं. शेजारची बाई किंचाळली, “ओ मा! या औषधवाल्यालेच पहिले आत घ्या!”

डॉक्टरांनी आत घेतलं, पट्टा बांधला, पारा दोनशेच्या वर गेला. त्यांनी विचारलं,

“बीपीची गोळी घेता का?”

“विकतो, डॉक्टर.”

ते हसले नाहीत. माझीच बॅग उघडून माझ्याच सॅम्पलमधली गोळी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. नर्सने नाकाला बर्फ धरला. मी टेबलावर आडवा, छताचा पंखा गरगरतोय, आणि एकदम मला आठवलं, अक्का! शुक्रवारपासून अक्का! स्वतःचा पारा ऐकून मला भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. फोन लावला. नाना कधीच फोन उचलत नसत, फोन वाजला की माणूस हातातलं काम विसरतो, असं त्यांचं मत. वाजून वाजून बंद झाला. डॉक्टर झोपून राहा म्हणत होते, तासाभराने पारा जरा उतरला तसा मी त्यांचं न ऐकता जळगावची गाडी पकडली. रुमाल नाकाला, आणि तोंडाने सारखं एकच, अक्कांना काही होऊ देऊ नको रे देवा, मी काय वाट्टेल ते करीन. देवालाही मी शपथच देत होतो.

घरी आलो तर अक्का गच्चीच्या पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. “अक्का, गोळी?”

“चार दिन व्हयनात, नही लिधी,” त्या म्हणाल्या. “डोकं भलतं दुखस. उन्हानं व्हई.”

नाना जिन्याखालून भुशाचे हात पुसत बाहेर आले. मी रक्ताळलेला रुमाल हातात घेऊन तिथेच सगळं सांगून टाकलं. गुरुवारची गोळी, आडवं पडणं, मीठ, शुक्रवारची सकाळ, सगळं. नाना तडक आत गेले. यंत्र आणलं. अक्कांच्या दंडाला पट्टा बांधताना रबरी फुगा दोनदा त्यांच्या हातातून सुटला. पारा बघितला. मग गच्चीवरचा एक बिबडा मोडून जिभेवर ठेवला.

“मीठ शे,” ते म्हणाले.

मी रिक्षा आणली. दवाखान्यात अक्कांना दोन दिवस ठेवलं. पारा उतरला, काही अनर्थ झाला नाही. पण त्या पहिल्या संध्याकाळी वार्डाबाहेरच्या बाकावर नाना माझ्या शेजारी बसले होते, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुले काय, गमतच. हाई मरी जाती ना रे. मी ‘बहुतेक’ म्हन्नू, म्हनीसन मरी जाती.” मला वाटलं होतं ते मला शिव्या घालतील. ते स्वतःला घालत होते. माझ्यासारखा नालायक माणूस त्या बाकावर याआधी बसला नसेल. मी ओंजळीत तोंड घालून रडलो, आणि रडताना पुन्हा नाकातून रक्त आलं. नर्स माझ्यावरच ओरडली.

आठ दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत. फाटकावरचा फळा पुसला गेला. नवव्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. नाना उभे, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात माझी गोळी.

“तोंड उघाड.”

मी गिळली.

“जीभ वर कर.”

केली. त्यांनी वाकून नीट बघितलं आणि गेले. त्यानंतर मी त्या घरात होतो तोवर, मंगळवारपासून शनिवारपर्यंत, रोज सकाळी सात. मी बेचाळीस वर्षांचा कंपनीचा माणूस, टाय बांधलेला, आणि रोज जीभ वर करून दाखवतोय. अक्का खालून हसायच्या. त्या शनिवारी धुळ्याला जाऊन बायकोलाही सांगून टाकलं. ती तीन दिवस बोलली नाही. पण नानांचा रेकॉर्ड ती मोडू शकली नाही.

धिंगरी नानांनी सोडली नाही. पुढच्या हिवाळ्यात पिशव्या पुन्हा लोंबकळल्या, वाटी पुन्हा माझ्या खोलीत आली. फळाही आला, आता एक ओळ जास्त: ‘गोळीच्या जागी चालणार नाही.’ त्या ओळीखाली मात्र ‘कदाचित’ नव्हतं.

मग माझी बदली धुळ्याला झाली. नाना गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेत, शांतपणे. मी जळगावला गेलो तेव्हा अक्का त्यांची लांबट वही घेऊन बसल्या होत्या. “यामा तुनं पान शे,” म्हणाल्या, “माले वाचता येत नही, तू वाच.”

मी पान उघडलं. चार महिन्यांचे ते गुरुवारचे आकडे, एकेक टपोऱ्या अक्षरात, आणि त्या सगळ्यांवरून पट्टीने ओढलेली एक आडवी रेघ. खाली तारीख तीच, दवाखान्याच्या दिवसाची. आणि त्याखाली:

‘नोंदी खोट्या. माणूस चांगला. कदाचित.’

माझ्याच्याने ते मोठ्याने वाचवेना. अक्कांनी विचारलं, “काय लिखेल शे?” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी तो प्रश्न सोडून दिला.

“रडस कसाले? आज गोळी लिधी का?”

“लिधी,” मी म्हणालो.

अक्कांनी हात पुढे केला. “गोळ्यास्नं पाकीट दखाड.”

मी खिशातून पाकीट काढून दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, रिकाम्या खाचा एकेक बोटाने चाचपून पाहिल्या, आणि मग माझ्यासाठी चहा टाकला.